बोटीवर टीव्हीची छत्री : कोणती घ्यावी, कशी बसवावी?

खारा_वारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची एक ट्रॉलर आहे, हर्णे बंदरात लागते. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, गावचाच, खलाशी बहुतेक नेपाळचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा ते घरी जातात आणि ऑगस्टच्या तोंडावर परततात. पण ऑगस्टमध्ये बंदी उठली तरी वारा कुठे उठतो? दर्या खवळला की बोटी दाभोळ, जयगड नाहीतर दिघीच्या खाडीत नेऊन नांगरायच्या. मग दोन-चार दिवस सात-आठ माणसं एका केबिनमध्ये. मोबाइलचा डेटा संपतो, पत्ते खेळून कंटाळा येतो.

यंदा त्यांच्यासाठी बोटीवर टीव्ही लावायचा असं घरात ठरलंय. छत्री काढता-घालता येणारी हवी, कारण मासेमारी चालू असताना वर काही अडकलेलं नको. प्रश्न असे: कोणती सेवा घ्यावी? छत्री किती मोठी? आणि बोट चालत असताना चित्र दिसेल का? दुकानात विचारलं तर एक जण म्हणतो "काही अडचण नाही", दुसरा म्हणतो "बोटीवर जमतच नाही". इथे कुणी प्रत्यक्ष केलंय का?

तिसऱ्या

खलाशांसाठी एवढा विचार करणारे मालक बघून बरं वाटलं. माहिती काही नाही, वाचतेय.

छत्रीवाला

चिपळूण-गुहागर पट्ट्यात हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. चालत्या बोटीवर साध्या छत्रीने चित्र दिसणार नाही. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर साधारण ३ अंश रुंद असते. मधल्या रेषेपासून दीड अंश इकडे-तिकडे झालं की सिग्नल निम्म्यावर येतो. बोट नुसती उभी असली तरी लाटेवर त्याहून जास्त डोलते. तेव्हा "काही अडचण नाही" म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. "जमतच नाही" म्हणणाराही पुरता बरोबर नाही. जेटीला नाळेकडून, म्हणजे पुढून, आणि मागून दोरांनी बांधलेल्या बोटीवर छान चालतं, मी लावून दिलंय.

सेवा म्हणाल तर डीडी फ्री डिश. महिन्याचं रिचार्ज नाही, आणि बोट दोन महिने ओढून वर ठेवलेली असते त्या काळाचे पैसे फुकट जात नाहीत. उपग्रह जीसॅट-१५, जागा ९३.५ अंश पूर्व. हर्णेहून तो आग्नेयेला येतो: होकायंत्रावर १२८-१२९ अंश, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर. टाटा प्लेसारखी पैशाची सेवा घेतलीत तर तिचा उपग्रह ८३ अंशांवर, म्हणजे होकायंत्रावर १५० आणि वर ६६ अंशांच्या आसपास. दोन्ही चांगले उंच आहेत. शेजारच्या बोटीची डोलकाठी किंवा खाडीकाठचा डोंगर सहसा आड येत नाही.

एक लक्षात ठेवा. या छत्र्या ऑफसेट असतात, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ५९ अंशांवर लावलेली छत्री डोळ्यांना तेवढी वर बघतेय असं वाटतच नाही. लोक मग "हिला अजून उताणी करा" म्हणतात आणि तिथेच सिग्नल घालवतात. दांड्यावरच्या अंशांच्या खुणांवर विश्वास ठेवा. तो डबा, म्हणजे एलएनबी, तोही सरळ उभा नसतो. उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला नाही, म्हणून तो फिरवून बसवावा लागतो. एकदा बसला की पेंटने खूण करून ठेवा.

दर्याचा_राजा

बोटीवर ९० सेंमीचीच घ्या. मोठी छत्री, मोठा सिग्नल. पावसात पण तग धरते.

छत्रीवाला

@दर्याचा_राजा, घराच्या गच्चीवर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. बोटीवर उलटं होतं. छत्री जितकी मोठी तितकी तिची नजर अरुंद. ९० ची जेमतेम २ अंश, ६० ची ३, ४५ ची ४. म्हणजे मोठी छत्री थोड्याशा हालचालीतही सटकते. वर वाऱ्याला धरते ते वेगळंच. ४५ ची हालचाल सोसते, पण पावसाची जोरदार सर आली की चित्राचे चौकोन होतात. म्हणून ६० वर मी थांबतो.

दर्याचा_राजा

हे माहीत नव्हतं. पण मग ऑगस्टच्या पावसात ६० पुरेल?

छत्रीवाला

रिमझिमीत पुरते. आभाळ फाटल्यासारखा पाऊस असेल तर पंधरा-वीस मिनिटं कुणाचंच दिसत नाही, घरातलंही.

कालवाकाठ

आम्ही इंग्लंडमध्ये ग्रँड युनियन कालव्यावर नॅरोबोटीत, म्हणजे लांब अरुंद बोटीत, राहतो. इथे हा विषय रोजचा, म्हणून लिहिते. इथली फुकट सेवा म्हणजे फ्रीसॅट, २००८ साली बीबीसी आणि आयटीव्हीने मिळून सुरू केलेली. उपग्रह २८.२ अंश पूर्वेला. लंडनच्या बाजूने तो क्षितिजापासून फक्त २५ अंश वर असतो, त्यामुळे आमचा सगळा झगडा झाडांशी. बोट बांधायची जागा निवडताना नवरा पाण्याची सोय बघतो आणि मी आग्नेयेची झाडं. तुमचा ५९ अंशांचा उपग्रह वाचून हेवा वाटला!

इथे बहुतेकांकडे दोन पद्धती. एक, घडीची छत्री तिपाईवर लावून काठावर ठेवायची. दुसरी, चुंबकाच्या बैठकीवर बोटीच्या छपरावर. कायमची जागा नसलेल्या बोटींना एका ठिकाणी साधारण १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, म्हणून दर मुक्कामी नव्याने जुळवायचं. पण एकदा जुळली की हलत नाही, कारण कालव्याला भरती-ओहोटी नाही आणि बोट दोन्ही टोकांना बांधलेली. शेजारून कुणी जोरात गेलं तर चित्र क्षणभर अडखळतं, इतकंच.

माझा सल्ला, चुंबकाची बैठक घ्या. पाच मिनिटांत काढता येते.

खारा_वारा

@कालवाकाठ, ताई, आमची बोट लाकडी, वरून फायबर मारलेली. चुंबक कशाला धरणार?

कालवाकाठ

अरे हो! आमच्या बोटी पोलादी, त्यामुळे ते डोक्यातच आलं नाही. मग तिपाई.

पाणकोळी

गेल्या हिवाळ्यात अलप्पुळाला हाउसबोटीत राहिलो होतो. तिथे छपरावर छत्री होती. दिवसा बोट चालू असताना टीव्ही बंद. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सगळ्या हाउसबोटी काठाला लागतात, कारण नंतर मच्छीमारांच्या जाळ्यांची वेळ असते. काठाला बांधली की पोऱ्याने छपरावर जाऊन छत्री हाताने फिरवली आणि खाली दोन मिनिटांत बातम्या सुरू. छत्रीवाला म्हणतात तेच.

बंदरपाखरू

आमच्या देवगडात वारो सुटलो की गुजरातच्या, कर्नाटकाच्या बोटी येऊन लागतत. एका बोटीर टीव्ही असलो की धा बोटींची माणसा थयच. खारा_वारा, आठ जणांचो हिशोब करू नकात, चाळीसांचो करा. चायपत्ती जास्त ठेवा!

जहाजी

व्यापारी जहाजांवर बरीच वर्षं आहे, मोठ्या घुमटाबद्दल मी सांगतो.

जहाजांवर पांढरे गोल घुमट दिसतात, त्यातल्या एकात टीव्हीची छत्री असते. आत डोलणं ओळखणारे जायरो आणि मोटरी. जहाज डोलेल तशी छत्री उलट दिशेने सरकून उपग्रहाला धरून ठेवते. इंटेलियनसारख्या कंपन्या यॉटसाठी लहान घुमटही बनवतात. चालत्या बोटीवर टीव्ही हवा तर तोच एक मार्ग, पण किंमत लाखांत जाते. दोन गोष्टी विचारल्याशिवाय असलं काही घेऊ नये. एक, त्याच्या उपग्रहांच्या यादीत ९३.५ पूर्व आहे का. दुसरं, तो सतत मागोवा घेतो की एकदा शोधून थांबतो. कॅराव्हॅनसाठी आपोआप उपग्रह शोधणारे चपटे अँटेना विकतात. ते थांबलेल्या गाडीसाठी उत्तम, पण लाटेवर त्यांचा काही उपयोग नाही. विक्रेते दोन्हींना "ऑटोमॅटिक" म्हणतात आणि माणूस फसतो.

घुमट घेतला म्हणजे जगभर टीव्ही, असंही नाही. टीव्हीचे उपग्रह जमिनीवरच्या प्रेक्षकांसाठी रोखलेले असतात. भर हिंदी महासागरात आमचा पडदा रिकामाच असायचा. अंदमानलासुद्धा फ्री डिशची नेहमीची सेवा पोचत नाही, तिथल्यासाठी सी-बँड या वेगळ्या लहरींवर सोय आहे. कोकणातली ट्रॉलर जाते तेवढ्या अंतरात मात्र याची चिंता नको.

खरं सांगायचं तर एका ट्रॉलरसाठी घुमट घेऊ नका. त्या पैशात चांगले लाइफ जॅकेट, नवा व्हीएचएफ (बोटीवरचा बोलायचा रेडिओ) आणि वर टीव्ही असं सगळं होईल.

अंजनवेल

जहाजींच्या शेवटच्या वाक्याला धरून. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं तोच कार्यक्रम. तुमच्या बोटीवर तो बसला का? नसेल तर आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे जा, छत्री नंतर. मोबाइलची रेंज संपते तिथेही त्यावरून संदेश देता-घेता येतात.

खारा_वारा

@अंजनवेल, बसलाय. लाइफ जॅकेटही माणशी एक आहे. ते आधी, मग टीव्ही, याबद्दल आमच्यात दुमत नाही.

नवी_नौका

हे सगळं जुनं झालं. थोडं थांबा आणि सरळ उपग्रह इंटरनेट घ्या. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळालाय. मग टीव्ही, व्हिडिओ कॉल, सगळं एकात.

जहाजी

@नवी_नौका, जहाजांवर तसंच होतंय हे खरं. आमच्याकडे लोक टीव्हीच्या खोलीत जमायचे, आता प्रत्येक जण आपल्या केबिनमध्ये फोन घेऊन. पण बाहेरदेशातून कुणी असलं यंत्र आणून देतो म्हणाला तर हात लावू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणंही बेकायदा आहे, पर्यटकसुद्धा त्यात अडकलेत. किनाऱ्यावर मासेमारी बोटीत असं काही सापडलं तर तटरक्षक दल आणि पोलिस दोघांना उत्तरं द्यावी लागतील. टीव्हीची छत्री फक्त ऐकते, बोलत नाही, म्हणून तिचा तो प्रश्न येत नाही.

मंदाकिनी

माझे वडील तांडेल होते. त्यांच्या काळी बोटीवर फक्त ट्रान्झिस्टर. आकाशवाणी रत्नागिरी मध्यम लहरीवर दर्यात खूप आत लागायची. हवामानाच्या सूचनेच्या वेळी सगळे गप्प. नंतर काही बोटींवर काठीला यागी अँटेना बांधून दूरदर्शन बघायचे, मुंग्या-मुंग्यांचं चित्र. आता ते जमिनीवरचे ॲनालॉग ट्रान्समीटर बहुतेक बंद झालेत, तेव्हा तो रस्ता नाही. पण ट्रान्झिस्टर मात्र टीव्ही आला तरी काढू नका. तो दोन सेलवर चालतो आणि त्याला छत्रीसारखी नेमकी दिशा लागत नाही.

अंजनवेल

+१. आणि टीव्हीचा आवाज व्हीएचएफच्या वर जाता कामा नये. चॅनेल १६ वर, म्हणजे मदतीच्या हाकेच्या चॅनेलवर, कुणी हाक मारली आणि ती मालिकेच्या आवाजात बुडाली तर फार वाईट. टीव्ही बघताना एक माणूस रेडिओजवळ, असा नियमच करा.

वायरमन

अंजनवेल यांनी व्हीएचएफचा विषय काढला म्हणून लिहितो. स्वस्त एलईडी टीव्ही आणि त्यांचे ॲडॉप्टर व्हीएचएफमध्ये खरखर घालतात. टीव्ही घेतल्यावर पहिल्या दिवशी तो चालू-बंद करून रेडिओ ऐका. टीव्ही लावल्यावर खरखर वाढली तर ॲडॉप्टर बदला. नाहीतर दूरची कमजोर हाक तुम्हाला ऐकूच येणार नाही.

आता बॅटरी. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्टचा टीव्ही चालवू नका, त्यात वीज वाया जाते आणि दमट हवेत धोकाही. १२ व्होल्टवर चालणारा २४ इंची टीव्ही घ्या. सेट-टॉप बॉक्सही बहुतेक १२ व्होल्टचाच असतो, ॲडॉप्टरवर वाचा. दोन्ही मिळून साधारण ४० वॉट. चार तास बघितला तर १६० वॉट-तास. १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) १२ व्होल्ट बॅटरीत १२०० वॉट-तास असतात, त्यातले निम्मेच वापरायचे. म्हणजे जमतं, पण इंजिन चालू करायच्या बॅटरीवर मुळीच नाही. टीव्हीला वेगळी बॅटरी. रात्री चित्रपट बघितला आणि पहाटे नांगर सुटला तेव्हा इंजिन फिरेना, ही वेळ येऊ देऊ नका.

आणखी एक. १२ व्होल्टचा टीव्ही थेट बॅटरीला जोडू नका. इंजिन चालू झालं की १४ च्या वर जातं. तुमची बोट २४ व्होल्टची असेल तर २८ पर्यंत. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा डीसी कन्व्हर्टर आणि फ्यूज हवाच.

खारा_वारा

@वायरमन, बोट २४ चीच आहे. हे कुणीच सांगितलं नव्हतं, फार आभार.

पाणकोळी

क्रिकेटचं काय? खलाशी पहिलं तेच विचारतील.

छत्रीवाला

२००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, ते डीडी स्पोर्ट्सवर फ्री डिशला दिसतं. सगळे नाही, पण भारताचे मोठे सामने मिळतात. मराठीसाठी सह्याद्री आहेच. एक गंमत सांगून ठेवतो, मार्चच्या मध्याच्या जरा आधी आणि सप्टेंबरअखेर काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र जाईल. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा छत्री हलवत बसू नका, आपोआप येतं.

दर्याचा_राजा

मला एक सुचतंय. खाडीत नांगरल्यावर बोट गोल फिरते, हीच अडचण ना? मग मागूनही एक नांगर टाकला की बोट स्थिर. छत्री एकदाच लावा.

अंजनवेल

नको! कृपया हे कुणी करू नका. वाऱ्यापासून आश्रय घेतलाय तेव्हा बोटीने नाळ वाऱ्याकडे करून मोकळं फिरायला हवं. मागून बांधलीत तर वारा आडवा घेईल, नांगर ओढला जाईल. शिवाय बाजूच्या सगळ्या बोटी फिरतायत आणि तुमचीच अडून राहिलीय, मग टक्कर ठरलेली. जयगडला वादळात बोटी किती दाटीने असतात ते बघितलंय ना?

दर्याचा_राजा

मान्य. टीव्हीपायी बोट नको घालवायला.

छत्रीवाला

दर्याचा_राजा यांचा प्रश्न मात्र नेमका आहे, आणि त्याला सोपा उपाय आहे. बोट नांगरावर फिरली तरी छत्रीची उंची, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन, बदलत नाही. ५९ ते ५९ च. एलएनबीचा पीळही तोच राहतो. बदलते ती फक्त आडवी दिशा. म्हणून तिपाईपेक्षा उभा पाइप बरा. केबिनच्या छपरावर पक्की बैठक, त्यात पाइप, पाइपात फिरणारा दांडा, त्यावर छत्री. उंची आणि एलएनबी कायमचे घट्ट. दांड्याला हातभर मूठ आणि एक पिळायचा स्क्रू. भरतीची ओहोटी झाली आणि बोट फिरली की एकाने वर जाऊन मूठ फिरवायची, खालून दुसऱ्याने "आलं" म्हणून ओरडायचं. बोट निघायच्या आधी दांडा छत्रीसकट उपसून खाली.

वारा सारखा दिशा बदलत असेल आणि बोट नांगरावर झुलत असेल तर मात्र हेही चालणार नाही. त्या दिवशी टीव्ही नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

कालवाकाठ

हे फार आवडलं. आम्हीही हे करून बघू.

तिसऱ्या

छत्री डोलकाठीच्या टोकाला लावली तर? वर मोकळं असतं.

छत्रीवाला

ताई, डोलण्याचा कोन खाली-वर सगळीकडे तोच. उपग्रह एवढा उंच आहे की वर चढून काही मिळत नाही, उलट काठीची थरथर वाढते आणि पावसात कुणाला तरी वर चढावं लागतं. हात पोचेल तिथेच लावा. फक्त जीपीएस आणि व्हीएचएफच्या काठ्यांपासून थोडी लांब, आणि रडार असेल तर त्याच्या समोर नको.

मंदाकिनी

चालत्या बोटीसाठी माझ्या भावाने साधी युक्ती केलीय. निघण्याआधी घरच्या वायफायवर फोनमध्ये चित्रपट उतरवून घेतो. आणि खलाश्यांच्या घरच्यांकडून त्यांच्या गावातले, सणाचे व्हिडिओ मागवून पेनड्राइव्हमध्ये भरतो. तोच टीव्ही, फक्त मागे पेनड्राइव्ह. नेपाळी गाणी फ्री डिशवर कुठून मिळणार? त्या मुलांना तेच जास्त हवं असतं.

खारा_वारा

@मंदाकिनी, हे डोक्यात आलंच नव्हतं आमच्या. आजच मुलांना फोन करून सांगतो, घरून येताना भरून आणा.

तर आमचं ठरलं: ६० ची छत्री, फ्री डिश, छत्रीवाला म्हणतात तसा फिरता दांडा, १२ व्होल्टचा टीव्ही, वेगळी बॅटरी, कन्व्हर्टर. खाऱ्या हवेचं काय करायचं तेवढं सांगा. आणि बोट आता वर ओढलेली आहे, तर पाइप आत्ताच बसवून घेऊ का?

वायरमन

खारं पाणी वायरीच्या टोकातून आत शिरतं आणि तांब्याला हिरवं करतं. आरजी-६ केबल घ्या, टोकाला दाबून बसवायचा एफ कनेक्टर, वर स्वतःला चिकटणारी रबरी टेप. साधी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते. केबल एलएनबीपासून आधी खाली लोंबू द्या, मग वर वळवून केबिनमध्ये घ्या, म्हणजे पाणी आत न जाता खाली ठिबकेल. नट-बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे. छत्री खाली काढली की गोड्या पाण्याने पुसायची.

छत्रीवाला

बैठक आत्ताच बसवा, लाकडाला फायबर मारायचं काम चालू असेल तर त्यातच होऊन जाईल. पण पाइप आत्ता घट्ट करू नका. वर ओढलेली बोट एका कुशीवर थोडी कललेली असते, तिथे ओळंबा लावलात तर पाण्यात तो तिरका ठरेल. पाइप तिरका असला की बोट फिरल्यावर उंचीही बदलते आणि मूठ फिरवून काही सापडत नाही. बोट पाण्यात उतरवून डिझेल-बर्फ भरून झाला की मग ओळंबा लावून पाइप आवळा. जुलैअखेर मी दापोलीकडे कामाला आहे, वरच्या निरोप-पेटीत कळवा, येऊन सिग्नलचा मीटर लावून जुळवून देतो.